पालथा डबा

१

"घेतलेला नेम तोंडानं बोलायचा नाही, द्वारके. बोललीस की त्याचं फळ गेलं."

आई हे सांगायची तेव्हा तिचे हात तुळशीला पाणी घालत असायचे आणि ती मागं वळूनही बघायची नाही. तिला जाऊन कैक वर्षं झाली. अजूनही सकाळी तांब्या उचलला की तो आवाज कानाशी येतो. तिचा तो शब्द मी कधी मोडला नव्हता. चौऱ्याण्णव सालच्या श्रावणापर्यंत तरी नाही.

तेव्हा मी नवीन पनवेलला, खांदा कॉलनीत राहत होते. शेजारच्या इमारतीत तळमजल्याचे दोन गाळे जोडून कुमुदताईंनी 'अंगण' चालवलं होतं. शाळा सुटल्यापासून आईवडील घरी येईपर्यंत बावीस मुलं तिथं असत. दुपारी डबा, मग झोप, मग दिनानाथ सरांकडे गृहपाठ, आणि चार वाजता चटईवर माझी गोष्ट. मला मूलबाळ नाही. यजमान गेल्यावर घरात बोलायला देवच उरले होते, तर कुमुदताई म्हणाल्या, "मावशी, देवांना रोज सांगता ते आमच्या मुलांनाही सांगा." तेव्हापासून मी सगळ्यांची गोष्टीमावशी.

कुमुदताईंची शिस्त कडक होती. भिंतीला एक लांब फळी, फळीवर मुलांच्या नावांच्या पट्ट्या. मूल पूर्ण जेवलं की कामाला असलेली गुणाबाई डबा घासून त्याच्या नावापुढे पालथा घालायची. अन्न उरलं तर झाकण लावून तसाच ठेवायची. संध्याकाळी दमून आलेले आईवडील दारातूनच फळीकडे बघत. डबा पालथा दिसला की चेहरे सैल होत. साधी, सोयीची पद्धत होती. आम्हाला सगळ्यांना तिचा अभिमान होता.

त्या श्रावणी सोमवारी, गोष्ट संपून मुलं पकडापकडी खेळत असताना रेवा पडली. अडखळली नाही, कुणी ढकललं नाही. उभी होती ती खाली बसावी तशी हळूच कोसळली. सात वर्षांची पोर, उचलली तेव्हा फुलपरडीएवढं वजन लागलं.

कॉलनीतल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. बिस्कीट चहात बुडवून तिच्या तोंडात घातलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "ही मुलगी किती दिवस जेवलेली नाही?"

कुमुदताई म्हणाल्या, "असं कसं होईल? रोज जेवते की!"

आम्ही परत आलो आणि सगळ्यांनी एकदमच फळीकडे बघितलं. रेवाचा डबा पालथा होता. लख्ख घासलेला.

२

"मी नाय खाल्ला, बाय." गुणाबाई मागच्या पायरीवर बसली होती, पदर तोंडाशी धरून. जवळच्याच गावची, पन्नाशीची, चार वर्षं या मुलांची शी-शेंबूड काढलेली. "माझे घरी भात हाय, सुकट हाय. पोरांचे तोंडचा घास मी कशाला खाईन?"

"तुला कुणी काही म्हणालं का?"

"कोन कशाला म्हनंल? नजरा बोलतान ना."

मी तिच्याशेजारी टेकले. "रेवाचा डबा रिकामा असतो, हे तू बघतेस ना?"

"रोज बघते. आतून एक शीत नसतं. मनात म्हनायची, ही एवढीशी पोर, पन जेवते कशी बघा." तिनं डोळे पुसले. "आधी पंगतीत बसायची. दहा-बारा दिस झालं, डबा घेऊन हितं येते, मागं. म्हनते, मावशी, मला एकटीला जेवायचंय. मी म्हटलं, बस बाय. एकवीस पोरं आत कालवा करतान, एक भायेर गप जेवते तर जेवू दे."

"तू तिला जेवताना बघितलंस?"

गुणाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग फार हळू म्हणाली, "डबा बघितला."

आत कुमुदताई माझी वाट बघत होत्या. एरवी करारी बाई, पण आज टेबलावरची वही नुसतीच उघडझाप करत होत्या. "रेवाचे वडील भडकलेत. शनिवारी सभा बोलवा म्हणतात. तोवर काही उलगडलं नाही तर गुणाबाईला काढावी लागेल. आणि मुलांचं अन्न खाल्लं म्हणून काढलेल्या बाईला पंचक्रोशीत कोण दारात उभं करील?" त्या खुर्चीत बसल्या. "मावशी, मुलं तुमच्याशी बोलतात. मोठीही बोलतात. तुमचा आवाज इतका बारीक आहे की समोरच्याला वाटतं आपण स्वतःशीच बोलतोय. तुम्ही बघा ना."

मी कसली शोध लावणारी? नेमधर्म करणारी साधी बाई मी. पण गुणाबाईच्या डोळ्यांत बघून नाही म्हणवेना.

"शनिवारपर्यंत बघते," म्हटलं.

३

मंगळवारी रेवा आली नाही. दिनानाथ सर मात्र वेळेआधी आले होते. निवृत्त मास्तर, धोतराचा सोगा खिशात, जीभ खडूसारखी कोरडी.

"मला विचाराल तर चोर स्वयंपाकघरात नाही, ऑफिसात आहे," ते कुमुदताईंच्या खोलीकडे हनुवटी करून म्हणाले. "मुलांच्या चारच्या खाऊत हल्ली चुरमुरे किती आणि हवा किती, मोजा एकदा."

"सर, रेवाचा डबा घरून येतो."

"हो, तेही खरं." त्यांचा मुद्दा निसटला म्हणून ते जरा हिरमुसले. "पोरगी पंधरा दिवस पेंगतेय. बेरजा चुकतात. मी ओरडलो, तर म्हणते, सर, सोळातून अकरा गेले की पाचच राहतात ना? म्हटलं, शाबास, पण हे गणित कुठल्या धड्यात आहे?"

रेवाची वही कपाटातच होती. मागच्या पानावर पेन्सिलीनं आखलेले सोळा चौकोन. अकरा रंगवलेले, पाच कोरे.

"कशाचे हो हे?" मी विचारलं.

"लंगडीचा पट असेल," सर म्हणाले, "नाहीतर मला किती वेळा मूर्ख म्हटलं त्याचा हिशोब."

संध्याकाळी रेवाचे वडील, प्रभाकर देसाई, तिची वही न्यायला आले. ठाण्याला कंपनीत होते. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मावशी, तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी रोज पहाटे उठून तिचा डबा करतो. मला गोल पोळ्या येत नाहीत, पण करतो. आणि त्या दुसरंच कुणी खातं?"

"रात्री काय जेवते ती?"

"दूध पिते. म्हणते, अंगणात पोटभर जेवले. मी डबा उघडून बघतो, स्वच्छ. मला वाटलं, बरं झालं." त्यांचा आवाज खाली आला. "कादंबरी असती तर तिला एका नजरेत कळलं असतं."

कादंबरी म्हणजे रेवाची आई. उरणजवळच्या मोऱ्याला, बंदरापाशी, माहेरी होती. सातवा महिना. आधीचं एक गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचंच नाही असं बजावलेलं.

"रेवा भेटायला जाते ना?"

"जायची. तीन आठवड्यांपूर्वी निघताना आईच्या गळ्याला मिठी मारून रडली, सोडेचना. रात्री कादंबरीच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस मुलीला आणू नका, मनावर ताण नको. तेव्हापासून मी दर शनिवारी रेवाला म्हणतो, पुढच्या रविवारी जाऊ."

"तिला खरं कारण सांगितलंत?"

"सात वर्षांच्या मुलीला काय सांगायचं, मावशी? तिला काय कळतं?"

सोळा चौकोनांचा अर्थ मला लागला असं मला वाटलं. पोर आईच्या वाटेकडे डोळे लावून दिवस मोजत होती. पण दिवस मोजणारी पोर उपाशी का राहील? आणि पोळ्या जात होत्या कुठं?

४

बुधवारी दुपारी मी रोजच्यासारखी जेवायला बसण्याआधी दारात भाताची मूठ घेऊन उभी राहिले. माझा हा जुना नेम. कॉलनीत मोकळी फिरणारी एक तांबडी गाय आहे, ती बरोबर बाराला माझ्या दारात यायची. हल्ली तिचं बिनसलं होतं. साडेबारानंतर उगवायची, मूठ हुंगायची आणि माझ्यावर उपकार केल्यासारखा एखादा घास घ्यायची. त्या बुधवारी मात्र ती बाराला हजर. मूठभर भात एका दमात खाऊन आणखी मागायला लागली.

"आज कशी गं भूक लागली?" मी तिच्या कपाळाला हात लावून म्हटलं. तेवढंच म्हटलं. डोक्यात काही शिरलं नाही. देव दारात उभा करून दाखवतो आणि आपण त्याला नमस्कार करून आत जातो, तशी गत.

चार वाजता अथर्व माझ्या मांडीला मांडी लावून बसला. रेवाचा वर्गसोबती. तोंडात कायम काहीतरी.

"मावशी, रेवा मरणार का?"

"अरे! असं बोलतात का? उद्या येणार आहे ती. तू तिचा मित्र ना? तुझ्या डब्यातलं कधी देतोस का तिला?"

"ती घेतच नाही. मी पुरी देतो, नको. बटाट्याची भाजी देतो, नको. वाढदिवसाचा केक दिला, तर हात मागं घेतला! केक कुणी नको म्हणतं का?"

"वेडीच म्हणायची."

"पण केळं घेते. शेंगदाण्याचा लाडू पण घेते. माझा लाडू दोनदा घेतला." त्यानं जरा विचार केला. "सोमवारी मात्र तेही घेतलं नाही. पाणीपण नको म्हणाली. मी म्हटलं, तू काय उंट आहेस का?"

मुलं खिदळली. मी पण हसले. रात्री जपाची माळ ओढताना मात्र बोटं एका मण्यावर अडकून राहिली. केळं चालतं. शेंगदाणे चालतात. पुरी चालत नाही. केक चालत नाही. सोमवारी काहीच चालत नाही.

हे मला कुठंतरी ओळखीचं वाटत होतं, पण ते माझ्या इतक्या जवळ होतं की दिसत नव्हतं.

५

गुरुवारी रेवा आली. चेहरा मेणासारखा. वडिलांनी सांगितलं की घरी दोन दिवस तिनं दूध आणि केळी एवढंच घेतलं, डॉक्टर म्हणाले सध्या हलकंच द्या. दुपारी तिनं पुन्हा मागच्या पायरीवर बसायचा हट्ट धरला. कुमुदताईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, बसू दे. त्यांच्या मनात वेगळंच होतं.

संध्याकाळी गुणाबाई घरी निघाली तेव्हा कुमुदताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "गुणाबाई, पिशवी दाखव."

"ताई..."

"दाखव. माझ्या डोळ्यांदेखत आज रेवाचा डबा भरलेला आला होता आणि आत्ता फळीवर पालथा आहे."

गुणाबाईनं माझ्याकडे बघितलं. मग पिशवी जमिनीवर ठेवली आणि तोंड फिरवलं. कुमुदताईंनी आत हात घातला. जुनं लुगडं, पानाची चंची, आणि केळीच्या पानात गुंडाळलेली एक पोळी.

वेडीवाकडी, एका बाजूला करपलेली. बाईच्या हातची नव्हती ती. पहाटे उठून एका बापानं लाटलेली पोळी होती.

"बोल आता," कुमुदताई म्हणाल्या. त्यांना जिंकल्याचा आनंद झाला नव्हता. रडूच येत होतं त्यांना.

"मी डब्यातून नाय काढली," गुणाबाई म्हणाली. "मागचे भिताडावर व्हती. आज गाय आली नाय वाटतं, बाकीचं कावळे खाऊन गेलं, ही एक उरली. मी भिताडावरून उचलली."

"भिंतीवर पोळी कोण ठेवील?"

"कोनाचा तरी निवद असंल! श्रावन हाय, ताई. मी कसं इचारू, कोनाचा नेम, कोनाचा नवस? निवदाची वस्तू, पायाखाली नको म्हनून घेतली. टाकू कशी? आनि सांगू कोनाला?"

"निवद म्हणे! मावशी, ऐकताय ना?"

मी ऐकत नव्हते. मी पोळी हातात घेतली होती. पोळीच्या मधोमध पांढरं, कोमेजलेलं तगरीचं फूल चिकटलं होतं. चोरून खाणारा माणूस पोळीवर फूल वाहत नाही.

गाय. बाराऐवजी साडेबारा. पोट भरलेली गाय. रेवा घरी असताना भुकेली गाय. केळं चालतं, पुरी चालत नाही. सोळातले अकरा. मी भिंतीला टेकून बोटांवर उलटं मोजलं. सोमवार अकरावा, तर पहिला दिवस शुक्रवार. म्हणजे त्याच्या आदल्या गुरुवारी, संध्याकाळी, या पोरीच्या कानावर काहीतरी पडलं होतं.

गुरुवारी चार वाजता काय झालं होतं ते मला पक्कं आठवत होतं.

गुन्हेगार सापडला होता. रोज चारच्या ठोक्याला तो चटईवर मुलांसमोर मांडी घालून बसत होता, आणि मुलं त्याला मावशी म्हणत होती.

६

त्या गुरुवारी मी एक कहाणी सांगितली होती. पोथीतली नाही, माझ्या मनची. एका मुलीचा भाऊ गलबतावर जातो आणि परतत नाही. मुलगी सोळा दिवस आपलं ताट गाईला घालते, फळांवर राहते, सोमवारी पाणीही घेत नाही, आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगत नाही. सोळाव्या दिवशी शीड दिसतं.

मुलं टाळ्या वाजवून उठली होती. एक उठली नव्हती.

शुक्रवारी मी मागच्या पायरीवर रेवाच्या आधी जाऊन बसले. ती डबा घेऊन आली, मला बघून थबकली.

"बस," म्हटलं. "गाय यायचीय अजून."

तिनं डबा पोटाशी धरला. डोळे मोठे झाले. पण ओठ घट्ट मिटलेले. माझ्याच आईचा हुकूम माझ्याच तोंडून तिच्यापर्यंत पोचला होता, आणि ती तो माझ्यापेक्षा कडक पाळत होती. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. पोर ढिम्म. मोठ्यांनी आज्ञा करावी तर मूल पाळेल, पण मौनाची आज्ञा आधीच दिलेली असेल तर?

एकच वाट होती.

"रेवा, माझा एक नेम आहे. सव्वीस वर्षांचा. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. यजमानांनाही नाही."

"मग सांगू नका!" ती घाबरून म्हणाली. "सांगितलं की फळ जातं."

"शिवा माझा भाऊ. सतरा वर्षांचा होता. वडिलांनी मारलं म्हणून घरातून गेला. आई रोज त्याच्या वाटणीचा पहिला घास गाईला घालायची. जाताना तिनं माझ्या हातावर पाणी सोडलं आणि तो नेम मला दिला. तेव्हापासून मी रोज दारात मूठ घेऊन उभी असते. कहाणीतली ती मुलगी मीच. शेवट तेवढा खोटा. माझं शीड काही दिसलं नाही, बाळ. मुलांना तरी दिसू दे, म्हणून मी ते दाखवलं."

सांगून झालं. आकाश कोसळलं नाही. छातीत मात्र एक जागा रिकामी झाली. तिथं इतकी वर्षं शिवा उभा होता.

रेवानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग आता तुमचा भाऊ येणार नाही?"

"ते मला माहीत नाही."

"माझ्यासाठी सांगितलंत?"

मी मान हलवली. आणि मग ती बोलली. धरण फुटावं तसं नाही, एकेक थेंब. "मी रडले म्हणून आईला दुखलं. बाबा फोनवर आजीशी बोलत होते, मी ऐकलं. मी नसते रडले तर तिला दुखलं नसतं. आता ती मला बोलावत नाही. म्हणून मी सोळा दिवस... पण डॉक्टरांनी बिस्कीट दिलं आणि मोडलं. परत पहिल्यापासून करायला लागलं. आज चार झाले."

परत पहिल्यापासून! आणखी बारा दिवस. आणि त्यात येता सोमवार. देवा, ती उभी तरी राहिली असती का?

"आता जेव," मी म्हटलं. "आई तू रडल्यामुळे नाही आजारी. पोटातलं बाळ नाजूक आहे म्हणून."

"पण नेम अर्धा टाकला तर तिला आणखी दुखेल." पोरीचं म्हणणं चूक नव्हतं. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं.

"टाकायचा नाही. माझ्या आईनं मला दिला, तसा तू मला दे. उरलेले बारा दिवस माझे."

नळावरून ओंजळभर पाणी आणलं. तिच्या इवल्या तळव्यातून ते माझ्या तळव्यावर सांडलं. काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "नीट करा हं."

मग तिनं डबा उघडला. गार झालेली पोळी, भेंडीची भाजी. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

दुसऱ्या घासाला म्हणाली, "मावशी, तुम्ही आईला बघून याल? बाबा म्हणतात ती छान आहे. फोनवर आईपण म्हणते छान आहे. तिला विचारू नका. विचारलं की ती छानच म्हणते. नुसतं बघून या, आणि मला खरं सांगा."

"येते बघून. रविवारी."

"आईला दुखत असलं तरी खरं?"

"दुखत असलं तरी."

७

शनिवारच्या सभेला तीसेक माणसं होती. प्रभाकर देसाई पुढच्या रांगेत. गुणाबाई दाराशी उभी, बसली नाही.

मला सभेत बोलायची सवय नाही. मागून कुणीतरी "मोठ्यानं" म्हणालं. मोठ्यानं बोलता येईना, तर माणसंच गप्प झाली.

मी क्रमानं सांगितलं. डबा रिकामा होत होता, पण चोरानं रिकामा केला असता तर भुकेल्या रेवानं अथर्वची पुरी आणि केक नाकारला नसता. जे ती खात होती ते सगळं उपासाचं होतं. पोळ्या गाईच्या पोटात जात होत्या. बुधवारी रेवा इथं नव्हती, तर गाय बाराला भुकेली माझ्या दारात होती. गुरुवारी गाय फिरकली नाही म्हणून भिंतीवर एक पोळी उरली आणि तिच्यावर फूल होतं. गुणाबाईनं ती उचलली ती खाण्यासाठी नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेची चीज म्हणून तिनं ती झाकली आणि त्याबद्दल तोंड उघडलं नाही. नेम कुणी शिकवला, तर मी. कुणाला सांगू नये असंही मीच शिकवलं.

"दोष द्यायचा तर मला द्या," म्हटलं. "आणि थोडा त्या फळीला. आपण सगळे रोज डबे बघत होतो. पोर कुणी बघितली नाही."

मग दिनानाथ सर खाकरले. "मी बेरजा बघत होतो," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

प्रभाकर उठले. मला वाटलं, निघून जातात. ते दाराशी गेले आणि गुणाबाईसमोर हात जोडून उभे राहिले. गुणाबाईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, दादा. पोळी जरा पातळ लाटा. मी शिकवीन."

कुणीतरी हसलं, आणि हसताना डोळे पुसले.

कुमुदताईंनी त्याच संध्याकाळी फळीवरच्या नावांच्या पट्ट्या काढल्या. सोमवारपासून मोठ्यांनी मुलांच्या पंगतीत बसून जेवायचं ठरलं, सरांनीसुद्धा. सर म्हणाले, त्यांना दात नाहीत, मुलं हसतील. कुमुदताई म्हणाल्या, "हसू देत."

जाता जाता प्रभाकर माझ्यापाशी थांबले. "मावशी, रेवा सांगत होती, तुम्ही मोऱ्याला... तुम्ही कशाला त्रास घेता? मी फोन करतो. किंवा मीच जाऊन येतो."

"तुम्ही जरूर जा. पण तिनं मला सांगितलंय."

ते खाली बघत म्हणाले, "काल रात्री तिनंच विचारलं, म्हणून तिला सगळं सांगितलं. बाळाचं, डॉक्टरांचं. म्हटलं, तुझा काही दोष नाही. ती ऐकून घेते, मान हलवते. पण माझ्यावर विश्वास नाही ठेवत आता."

"ठेवील. रोज थोडं थोडं खरं सांगत जा."

८

रविवारी पहाटे तुळशीला पाणी घातलं. पोटात काल दुपारपासून दोन केळी आणि दूध. या वयात डोकं जरा हलकं वाटतं, पण त्या पोरीनं हे दोन आठवडे केलं होतं, बेरजा करत, पकडापकडी खेळत.

कापडी पिशवीत चष्मा घातला. डोळ्यांनी बघायचं होतं, तेव्हा काचा पदरानं दोनदा पुसून घेतल्या. कादंबरीला मी कधी भेटले नव्हते. कसं बघायचं याचा मनाशी विचार केला. चेहऱ्याचा रंग, पावलांवरची सूज, उशीवर डोकं कसं टेकलंय, हसताना डोळे हसतात का. आई आपलं दुखणं कुठं कुठं लपवते ते लेकीला माहीत असतं. मी कुणाची आई नाही, पण लेक होते.

फाटकाची कडी आवाज न करता काढली. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत पडदा बाजूला झाला होता. रेवा गजांना धरून उभी होती, केस विस्कटलेले. तिनं हाक मारली नाही. मीही मारली नाही.

पनवेलच्या स्टँडवर उरणची गाडी लागलेली होती. पुढून तिसऱ्या बाकावर खिडकीपाशी जागा मिळाली. वाहक तिकिटांची पेटी सरकवत माझ्यापर्यंत आला.

"कुठं जायचं, आजी?"

"उरण. तिथून पुढं मोरा बंदर."

"बोटीनं मुंबई का?"

"नाही," मी म्हटलं. "एका बाईंना बघून संध्याकाळी परत यायचंय."

त्यानं तिकीट फाडून हातावर ठेवलं आणि दोरी ओढली.